दोनचं वजन

तबरीझच्या प्रयोगशाळेत, खिडकीलगतच्या टेबलावर,
सोळा स्विचांचा आराखडा मी तीनदा काढला
आणि तीनदा खोडला.
सोळा स्विच म्हणजे सोळा गेट-ड्रायव्हर,
प्रत्येक मजुरामागे एकेक मुकादम,
वर तापले की वारा घालायला ॲल्युमिनियमच्या फण्या.
दुकानदार म्हणतो, माल बंदरावर अडकलाय,
मेहर महिन्यात आला तर आला.
सध्या आठ आहेत.
आठांत काय ते बसवा, उल्दुझ खानम.

बॅटरीतून येते ती सपाट भिंत.
पंख्याला हवी असते लाट.
आम्ही मधे पायऱ्या बांधतो:
शून्य, एक, दोन, तीन, चार, पुन्हा खाली,
मग जमिनीखाली तेवढ्याच.
नऊ झाल्या की पंखा फसतो, गुमान फिरतो.
कमी पडल्या तर रात्रभर दात खातो.

त्या रात्री बाबांनी मराघ्याहून पाठवलेली पुडी सोडली.
सुके जर्दाळू. वर पेन्सिलीनं: दोन किलो.
आणि हात तिथेच थांबला,
कारण बाबांकडे दोनचं वजन नाही.

होतं. यशार गोथेनबर्गला गेला तेव्हा घेऊन गेला.
विमानात तेवीस किलोची मर्यादा,
आणि या पठ्ठ्यानं बॅगेत भरलं काय, तर वजनच.
आठवण म्हणून, म्हणाला.
बाबांनी दुसरं आणलं नाही.
उरलं एक किलोचं लोखंड
आणि आजोबांचा दगडी तबरीझी मण,
तीन किलोला चिमूटभर कमी,
ती चिमूट बाबा गिऱ्हाइकाला वरून घालतात.

दोन मागितले की एका पारड्यात मण,
दुसऱ्यात जर्दाळू, आणि जर्दाळवांशेजारीच
एकाचं लोखंड.
"मालात लोखंड तोलतोस, बायरामअली?"
आधी लोक भांडले. मग काटा बघून गप्प झाले.

पहाटे चारपर्यंत मी डाख देत होते.
थोरली दोनशे चाळीस व्होल्टची, धाकटी ऐंशीची.
चार हवे तर दोघी मिळून.
दोन हवे तर धाकटी उलटी.
आठ स्विच. नऊ पायऱ्या.
ऑसिलोस्कोपवर त्या उमटल्या तेव्हा
रखवालदाराला उठवून दाखवल्या.
तो म्हणाला, जिना आहे. मग?

खरंय. मग?
शोधनिबंधात लिहिलं नाही ते असं:
दुसऱ्या पायरीवर थोरलीचा प्रवाह
धाकटीच्या अंगात उलटा शिरतो,
देण्याऐवजी तिला गिळावं लागतं.
सोळांच्या घरात सगळ्या सारख्या होत्या,
एक दमली तर दुसरी उभी राहायची.
इथे कुणाच्या जागी कुणी नाही.
एक स्विच जळला की लाट लंगडते.
कमी माणसांच्या घरात
आजारी पडायची सोय नसते.
"विश्वासार्हतेचा अभ्यास पुढे केला जाईल,"
एवढं एक वाक्य मी शेवटी टाकलं.

शुक्रवारी पेटी घेऊन मराघ्याला गेले.
दुपारची वीज गेलेली, बाजार झोपलेला.
दुकानातला पंखा जोडला. फिरला.
बाबा चष्मा कपाळावर सारून
पडद्यावरच्या पायऱ्या बोटानं मोजू लागले,
बिर, इकी,
आणि दुसरीवर बोट ठेवून राहिले.
"ही कुठून आणलीस?"
"तुमच्याच तागडीतून."

बराच वेळ नुसता पंखा.
मग बाबा मण उचलून फडक्यानं पुसू लागले,
पुसलेलाच होता.
"यशार विचारत होता, परत पाठवू का म्हणून."
फडकं झटकलं.
"सांग त्याला, राहू दे तिकडेच.
तिथे त्याला काय तोलायचं असेल, कुणास ठाऊक."

धाकटी बॅटरी कोमट झाली होती.
वीज येईपर्यंत
तिच्यावर तळहात ठेवून मी बसून राहिले.